लंगडी राणी आणि आक्का

राणी माझ्या अंगठ्याखाली चिरडली. चौकट पेटीत सोडताना ती मला दिसलीच नाही. दिसली तेव्हा तिचे पाय थरथरत होते... सहा पेट्यांपैकी पाच पेट्यांतल्या मधमाश्या उपासाला कंटाळून उडून गेल्या होत्या. उरलेल्या एका पेटीची राणी मी मारली, आणि आक्का शेजारीच उभी होती.

आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. महिन्यापूर्वी गेली. भेटायला आलेले लोक तिला प्रेमळ म्हणत होते. तशी ती नव्हती. ही गोष्ट बहात्तरच्या दुष्काळातली, अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या आमच्या गावची. माश्यांचं पोट हिरड्याच्या मोहोरावर, आणि त्या साली हिरडा मोहरला नव्हता. आक्का विधवा, मधावर तिचं भागायचं. ही पेटी गेली तर तिला दुष्काळी कामावर खडी फोडायला जावं लागणार होतं, आणि ते तिला करायचं नव्हतं.

मला वाटलं, मारेल. ती म्हणाली, "रडू नगं. तिची अंडी हायेत आत. माश्या त्यातनं नवी राणी करत्यात. आपन माश्या जगवायच्या."

रेशनच्या साखरेचा पाक करून ती पेटीत ठेवू लागली. सासूबाई बिनसाखरेचा चहा पीत बोलायच्या, "माश्या न्हाईत, सवती आनल्यात घरात. त्यास्नी पाक, आमाला काढा!"

"काढा बरा असतो म्हातारपनी," आक्का म्हणायची.

चौकटीच्या कडेला भुईमुगाच्या शेंगेसारखी दोन राणीघरं लोंबू लागली. एक ठेवून दुसरं मोडायचं, अशी रीत. एखादं फुकट गेलं तर, म्हणून आक्कानं दोन्ही ठेवली. चुकलंच तिचं. दोन्ही राण्या एकाच सकाळी बाहेर आल्या आणि एकमेकींना भिडल्या. बाकीच्या माश्या बाजूला सरून उभ्या.

"एकीला डबीत काढते," मी म्हणाले.

"हात घालू नगं! दोघींना पुरतील एवढ्या माश्या हायेत का?"

एक पडली. उरलेलीचा मागचा पाय लोंबत होता.

"आक्का, लंगडी झाली की."

"पाय गेला. पंख हायेत न्हवं?"

आठवड्यानं ती नराच्या शोधात बाहेर उडाली आणि परत आली. नर भेटला असेल तर पंधरा दिवसांनी अळ्यांच्या घरांवरची झाकणं सपाट येतात. नसेल तर फुगीर, म्हणजे सगळे नरच जन्मणार आणि पेटी संपणार. दुष्काळात नर कुठले... सासूबाईंनी तोवर आक्काचं नाव खडीच्या कामावर घातलं होतं. सोमवारी जायचं होतं.

रविवारी आक्कानं पेटी उघडली आणि चौकट माझ्यापुढे धरली. मी हात मागे घेतला.

"धर गं. मला बारीक दिसत न्हाई. बघ, कशी हायेत?"

मी चौकट उन्हाकडे तिरकी केली. एकेक झाकण बोट फिरवून बघितलं.

"सपाट हायेत."

"सगळी?"

"सगळी."

"मग उद्या मी जात न्हाई," आक्का म्हणाली आणि पेटीवर झाकण ठेवलं.

त्या दुष्काळातून पेटी वाचली, लंगडी राणी वाचली, सासूबाईही वाचल्या. आक्का एक दिवसही खडीवर गेली नाही.