फिनेलनं घासलेली मुळं
फिनेलचा वास आला की मला कसबा बावड्यातला तो उसाचा फड आठवतो. मूळकूज लागून सगळा ऊस वाळला होता, एकच बेट हिरवंगार उभं होतं. त्याला मुळांवरचे जीवाणूच वाचवत असणार, म्हणून माझ्या पीएचडीच्या प्रबंधासाठी मी मालकीणबाईंना फोन केला, "काकू, तेवढं बेट मुळासकट काढून ठेवा." मी पोचलो, तर काकूंनी मुळं फिनेलनं घासून, पांढरीशुभ्र करून परातीत मांडलेली! "अहो काकू, मला त्यावरचे जंतूच हवे होते!" काकू भडकल्या, "रोगाचं रान हाय, पावण्याच्या हातात घाण द्यायची व्हय? जंतू पायजे व्हतं तर फोनवर सांगायचं की!" प्रबंधात मी 'नमुना दूषित झाला' असं लिहिलं; खरं तर इतका स्वच्छ नमुना मला आजवर दुसरा मिळालेला नाही.