शक्तिगडपर्यंत

सलील खांबेटेला गाडीचं वेड आहे, हे कोलकात्यात हाजऱ्याच्या त्या गल्लीत कुणालाही विचारा. गाडी चालवताना मात्र त्याला फारसं कुणी पाहिलेलं नाही. ती एकतर घराखालच्या गॅरेजात कव्हर पांघरून असते, नाहीतर मल्लिकबाजारात जॅकवर, चाकं काढून.

आणि गाडी कशी, तर लालभडक, टर्बो इंजिनाची, पाय जरा दाबला की पाठ सीटला चिकटवणारी. अशी गाडी घ्यायची आणि रविवारी जवळच्या तळ्यापर्यंत जाऊन परत यायचं! पंचेचाळिशी ओलांडलेला, बिनलग्नाचा, चांगला कमावता माणूस. आता ह्याला काय म्हणावं?

त्याची बाजू घ्यायची तर धंद्यापासून सुरुवात करावी लागेल. सलील विमा कंपन्यांसाठी सर्व्हेअरचं काम करतो. गाडी ठोकली की जायचं, चेपलेलं बॉनेट बघायचं, फोटो काढायचे, भरपाई किती ते ठरवायचं. दुसरा कुणी असता तर दोन-चार वर्षांत निर्ढावला असता. सलीलचं उलटंच झालं. प्रत्येक चेंदामेंदा बघून त्याच्या डोक्यात एकच यायचं, हा जरा आधी थांबला असता तर?

त्यात गाडी आणली त्या दिवशी आईने, म्हणजे मंदाकिनीबाईंनी, चाकांना हळदकुंकू लावता लावता विचारलं, "ब्रेक बरे आहेत ना रे?" बस्स, एवढंच. सहज विचारलं. बोनचायनाचा कप घेताना आपण नाही का टिचकी मारून बघत, तसं. बाई विसरूनही गेल्या. सलीलने मात्र ते वाक्य जे उचललं, ते आजतागायत खाली ठेवलेलं नाही.

मग सुरू झालं ते ब्रेकपुराण. पुढच्या डिस्क लहान वाटल्या, मोठ्या घातल्या. मोठ्या डिस्कला मोठा कॅलिपर आला. कॅलिपर म्हणजे पॅडने डिस्क आवळून धरणारी पकड. ती जुन्या रिममध्ये मावेना, म्हणून अलॉयची मोठी चाकं आली. मोठ्या चाकांना टायर आले रुंद आणि बुटके. मग पुढे एवढा जोर आणि मागे काहीच नाही, हे बरं दिसेना, म्हणून मागचे ड्रम काढून तिथेही डिस्क. मल्लिकबाजारातल्या गॅरेजचा मालक तपनदा ह्यात मजेत होता आधी. नंतर त्याचेही नाकी नऊ आले. "दादा, झालं आता, चालवा की!" तो आपल्या बंगाली हिंदीत विनवायचा. सलील मान हलवायचा. "आईला चालणार नाही. तिला फार काळजी वाटते." तपनदाने ह्या आईला जन्मात पाहिलेलं नव्हतं. 'मासिमा', म्हणजे मावशी, म्हटलं की तो हात जोडायचा आणि पुन्हा पाना उचलायचा.

आता विनीताबद्दल सांगायला हवं, कारण एवढं सगळं चाललं होतं ते तिच्यापर्यंत पोचण्यासाठी, निदान सलील तसं म्हणायचा. विनीता सरकारी बँकेत अधिकारी. कोलकात्याला पोस्टिंग असताना मराठी मंडळाच्या नाटकाच्या तालमीत दोघांची ओळख झाली. तिचं काम मोठं होतं, ह्याचं पडदा ओढायचं. तालमी संपल्या तरी भेटणं संपलं नाही. मंदाकिनीबाईंना तर ती इतकी आवडली की गोड्या मसाल्याचं प्रमाण, जे त्यांनी सख्ख्या नणंदेला कधी सांगितलं नव्हतं, ते तिला सांगून टाकलं. मग तिची बदली रांचीला झाली.

"येतो मी," सलील म्हणाला होता. "गाडीनेच येतो. तयार होऊ दे जरा."

"अरे, ट्रेन आहे की! संध्याकाळी बसलास की सकाळी इथे."

"ट्रेनचं काय, मध्येच आईला काही झालं तर उतरून परत येता येत नाही. गाडी हाताशी असली की बरं."

ह्यावर विनीताने विषयच बदलला म्हणे.

अन् गाडी काही तयार होईना. नवे पॅड बसवले की ते रुळवायचे असतात. मोकळ्या रस्त्यावर वेग घ्यायचा, करकचून ब्रेक मारायचा, पण गाडी पूर्ण थांबू द्यायची नाही; तापलेला पॅड एका जागी टेकला की डिस्कवर डाग पडतो, आणि मग ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरतं. एका रविवारी सकाळी तपनदा त्याला न्यू टाउनच्या रुंद रस्त्यावर घेऊन गेला. सलीलने वेग घेतला, ब्रेक दाबला आणि थांबला. पुन्हा वेग, पुन्हा ब्रेक, पुन्हा थांबला.

"दादा, थांबू नका म्हटलं ना!"

"सिग्नल होता समोर."

"हिरवा होता तो!" तपनदाने कपाळाला हात लावला. डिस्क लेथवर घासून घ्याव्या लागल्या. त्यात आणखी महिना गेला.

घरातही हेच. आई बाथरूममध्ये घसरेल म्हणून भिंतीला दांडे आले, खाली रबरी चटया आल्या. ती बाल्कनीतून वाकून भाजीवाल्याशी बोलते म्हणून बाल्कनीला कुलूप आलं आणि किल्ली सलीलच्या खिशात गेली. इलिश मासा बंद झाला. त्यात काटे फार, घशात अडकला तर? लग्न होऊन ह्या गावी आल्यावर मंदाकिनीबाई सासऱ्यांपासून लपवून इलिश खायला शिकल्या होत्या. सासऱ्यांनी बघून न बघितल्यासारखं केलं होतं. पण मुलापुढे त्यांचं काही चालेना. चांगल्या चालत्याबोलत्या, ठणठणीत बाई. "अरे, मी काय काचेची आहे?" असं सुरुवातीला म्हणून बघायच्या. नंतर म्हणेनाशा झाल्या.

शेवटी विनीताचा फोन आला. आवाज अगदी शांत. "नागपूरला बदली झालीये माझी. ह्या शनिवारी आईबाबा येतायत इथे, सामान आवरायला. तू ये. त्यांच्यासमोर काय ते बोलू. नाही आलास तर मी भांडणार नाही सलील, पण पुन्हा बोलावणारही नाही."

सलीलने फोन ठेवला. तो आईकडे गेला. खरं सांगायचं तर ती नको म्हणेल ह्या आशेने गेला.

"आई, तू एकटी कशी राहशील?"

"एकटी कशाला? सरलाला बोलावते." सरलाताई म्हणजे मागच्या गल्लीतली मैत्रीण, एकटीच राहणारी.

"आणि रात्री काही झालं तर?"

"काही होत नाही."

"ब्रेकचं पण जरा बघायचं होतं—"

"अरे, त्या गाडीत आता ब्रेकशिवाय दुसरं काही उरलंय का?" मंदाकिनीबाई ओरडल्याच. मग त्याच्या दंडाला हात लावून म्हणाल्या, "जा रे बाळा. खरंच जा."

शनिवारी सकाळी तो निघाला. आईने पुरीभाजीचा डबा दिला, विनीतासाठी गोड्या मसाल्याची स्टीलची बरणी दिली, आणि बाल्कनीची किल्ली मागून घेतली. "कपडे वाळत घालायला," म्हणाली. रेसकोर्सला वळसा घालून गाडी पुलावर चढली, खाली हुगळी होती, आणि सलीलला एकाएकी इतकं हलकं वाटलं की तो मोठ्याने हसला. गाडीत दुसरं कुणी नव्हतं. दुर्गापूर एक्स्प्रेसवेवर त्याने पहिल्यांदा पाय दाबला. काय पळाली ती! रुंद टायर रस्ता धरून होते, वळणावर गाडी तसूभर हलत नव्हती. हे सगळं आपल्याकडे इतके दिवस कव्हरखाली पडून होतं!

आणि मग एक ट्रक कसलीही खूण न करता त्याच्या लेनमध्ये शिरला. सलीलने ब्रेक दाबला. गाडीने मान खाली घातली आणि जागच्या जागी उभी राहिली, ट्रकपासून चांगली हातभर नव्हे, पाच-सहा हात आधी. ना किंचाळणं, ना घसरणं. ज्या क्षणासाठी त्याने एवढा खटाटोप केला होता तो आला आणि गेला, आणि त्याला ओरखडासुद्धा उठला नाही. ट्रकवाला बघून न बघितल्यासारखं करून निघूनही गेला.

आनंद व्हायला हवा होता. झाली भीती. कारण आता करायचं काही शिल्लक राहिलं नव्हतं. ब्रेक उत्तम होते, चाकं उत्तम होती, आई ठणठणीत होती, रस्ता समोर होता. रांचीत तिघं माणसं त्याची वाट बघत होती, आणि ती विचारणार होती, मग काय ठरवलंत? त्याने पुन्हा वेग घेतला, तेवढ्यात स्टिअरिंग थरथरल्यासारखं वाटलं. थरथर चाकात होती की हातात, देव जाणे. वाटेत शक्तिगडला त्याने गाडी बाजूला घेतली, उतरून चारही चाकांजवळ वाकून वास घेतला. काही नव्हतं. तरी तो स्वतःशीच म्हणाला, "डिस्कला डाग पडला असणार. तपनदाला दाखवायला हवं. अशी गाडी घेऊन एवढ्या लांब जाणं बरोबर नाही. आईला कळलं तर…"

शक्तिगडला लांगचा चांगला मिळतो. पाकात मुरलेली, तपकिरी, लांबट मिठाई. आईला आवडतो म्हणून त्याने हंडीभर घेतला आणि गाडी कोलकात्याकडे वळवली. परतीच्या वाटेवर स्टिअरिंग एकदाही थरथरलं नाही.

जेवायच्या वेळेला त्याने घराचं दार उघडलं. बाल्कनी सताड उघडी होती. तिथे दोन खुर्च्या मांडून आई आणि सरलाताई ताटं मांडीवर घेऊन बसल्या होत्या, आणि मोहरीतल्या इलिशचा वास घरभर पसरला होता. आई हसत होती. असं हसताना त्याने तिला कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं. ताटाच्या कडेला काट्यांची नीट रास होती.

तिने वळून पाहिलं. आधी मुलाकडे, मग त्याच्या एका हातातल्या हंडीकडे, मग दुसऱ्या हातातल्या मसाल्याच्या बरणीकडे. बरणी तशीच होती, तिनेच बांधलेल्या फडक्यासकट. आईचा चेहरा उतरला. अगदी दिसेल असा उतरला.

"परत आलास?" ती म्हणाली.

"आई, स्टिअरिंग जरा थरथरत होतं…"

सरलाताईंनी मान खाली घातली. तेवढ्यात टीपॉयवर आईचा फोन वाजला. विनीता. आईने उष्ट्या हाताने तो स्पीकरवर लावला, आणि पलीकडून उत्साहाने आवाज आला, "काकू, एव्हाना धनबाद मागे टाकलं असेल ना त्याने? फोन उचलत नाहीये. आईने आमरस काढून ठेवलाय!"

मंदाकिनीबाईंनी फोन त्याच्यापुढे धरला. "तू सांग. मी सांगणार नाही."

सलीलने बरणी खाली ठेवून फोन घेतला.

"विनीता," तो म्हणाला, "अगं, आईला एकदम बरं वाटेनासं झालं. म्हणून अर्ध्या वाटेतून परत फिरलो."

तो आईकडे बघत नव्हता, पण ती आपल्याकडे बघतेय हे त्याला कळत होतं. आता ती ओरडेल, फोन हिसकावून घेईल असं त्याला वाटलं. खरं तर तिने तसं करावं म्हणून तो वाट बघत राहिला. मग विनीताने पलीकडून फोन ठेवला.

आईने अर्धवट ताट टीपॉयवर ठेवलं, बाथरूममध्ये हात धुतला, आणि भिंतीवरच्या दांड्याला धरत, जो तिने आजवर कधी धरला नव्हता, आतल्या खोलीत जाऊन पलंगावर आडवी झाली. भर दुपारी तिने पांघरूण छातीपर्यंत ओढून घेतलं.

"सरला," ती आतून म्हणाली, "बाल्कनीचं दार लावून घे गं. मला बरं वाटत नाहीये."