थोरलीचा पेंढा

प्राणिसंग्रहालयात त्यांना सगळे शीळमामा म्हणत. रानकुत्री एकमेकांना शीळ घालून बोलावतात आणि मामांना ती शीळ हुबेहूब जमायची. मामी म्हणायच्या, "तरुणपणी रस्त्यात अशी शीळ घातली असतीत तर चपलेचा मार खाल्ला असतात. आता त्याचाच पगार घेताय!"

मामांचा खरा जीव थोरलीवर. कळपातल्या बहुतेकांची ती आई. जनावरांना पळायला मिळावं म्हणून मामा तारेला मांस अडकवून आवारभर ओढत. तेव्हा थोरली नुसती मान वळवायची. लगेच दोन लेकी कुंपणाच्या कडेने निघत, नर मागून रेटत आणि ती स्वतः वळणावर जाऊन उभी राहायची. मांस बरोबर तिच्या तोंडाशी. मग पिल्लांना आधी खाऊ द्यायचं. मामा बघ्यांना सांगत, "याला म्हणतात एकी! आमचे भाऊ फक्त जेवायला एकत्र."

थोरलीच्या पंजात हाडाची कपची शिरली, पाय सुजला, तो चिरावा लागला. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "वेगळी ठेवा, पण कळपाखालचा पेंढा रोज तिच्या खोलीत टाका. वास तुटला तर नाती तुटतील."

मामांनी मान डोलावली. पण जखम ओली आणि तो पेंढा मुताने भिजलेला. हातात घेतला तरी टाकायला मामांचं मन होईना. पोटच्या पोरीला असल्या घाणीत कोण निजवेल? त्यांनी कोरा पेंढा अंथरला, रोज फिनेलने फरशी पुसली. बाईंनी विचारलं, "टाकताय ना?" मामा म्हणाले, "हो, हो." माया आंधळी असते म्हणतात, मामांची तर खोटारडीही निघाली.

जखम छान भरली. मामांनी खुशीत फाटक उघडलं.

थोरली शीळ घालत, लंगडत आत गेली. धाकटं पिल्लू पुढे आलं, हुंगलं, मागे सरलं. मग मोठ्या लेकीने मान वळवली. ती खूण मामांनी ओळखली. तिच्या दोन बहिणी कुंपणाच्या कडेने निघाल्या, नर मागून आला आणि थोरली नेहमी उभी राहायची त्या वळणावर मोठी लेक उभी होती.

"अगं, आई आहे तुमची!" मामा कळपावर पाइपने पाणी मारत ओरडत होते. थोरली वाचली, पण एक कान गेला.

त्यांनी बाईंना सगळं सांगून टाकलं. त्या इतकंच म्हणाल्या, "आता कळप नाही घेणार तिला. पुन्हा सोडू नका."

"बाई रागावल्या का हो?" मामींनी विचारलं.

"नाही ना. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं."

थोरली आता मागच्या पिंजऱ्यात एकटी असते. संध्याकाळी शीळ घालते. भिंतीपलीकडे कळप खेळत असतो, कुणी उत्तर देत नाही. एकदा मामांना ते ऐकवेना. पिंजऱ्याच्या दाराआड उभं राहून त्यांनीच शीळ घातली. थोरली ताडकन उठली, तसल्या पायाने धावत आली, दाराच्या फटीला नाक लावून हुंगलं. फिनेलचा वास आला असणार. ती परत फिरली आणि कोऱ्या पेंढ्यावर पाठ करून बसली.

पोरं अजून मागे लागतात, "शीळमामा, एकदा घाला ना!"

"दात पडले रे," मामा म्हणतात. त्यांचे सगळे दात जागच्या जागी आहेत.