दुसऱ्या आवृत्तीच्या सूचना

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. घरात नोकरीला लागलेली मी पहिलीच, त्यात बाईमाणूस, त्यात आमचं घर बौद्ध. तामलवाडीहून रोज एसटीनं साखर कारखान्यात जायची आणि कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपला काढायची, तेव्हा 'बघू किती दिवस टिकते' असं लोकांच्या तोंडावर लिहिलेलं मला दिसायचं. खरंच लिहिलेलं होतं की मीच वाचत होते, कुणास ठाऊक. सहा महिन्यांची कच्ची नेमणूक होती. काम जमलं तर कायम, नाहीतर घरी.

काम एकच, पण जोखमीचं. कुणाचा ऊस कधी तोडायचा, त्याची यादी त्या यंत्रातून काढायची. ज्याची उसाची लागण आधी, त्याची तोड आधी, असा नियम. दुष्काळाचं वर्ष, विहिरींनी तळ गाठलेला. पंधरा दिवस पाळी मागं गेली तर फडात नुसती चिपाडं उरायची.

पहिली यादी फळ्यावर लागली आणि चौथ्या दिवशी शेतकरी येऊन धडकले. आधी लागण केलेल्यांची नावं तळाला, उशिराची वर. सगळी यादी गाववार निघाली होती. एक म्हातारे माझ्या टेबलापाशी आले आणि आवाज न चढवता म्हणाले, "बाई, आमचा ऊस वाळल्यावर पाळी येऊन काय उपेग?" मला रडू आलं, पण त्याहून राग जास्त आला. मी यंत्रातल्या सूचना वाचूनच आकडा दाबला होता. तारखेनं यादी हवी तर एक, गाववार हवी तर दोन, असं तिथं स्वच्छ लिहिलं होतं आणि मी एकच दाबला होता. कार्यकारी संचालकांनी बोलावलं. यादी आजच दुरुस्त करा आणि चूक कुणाची ते आठ दिवसांत लेखी द्या, म्हणाले. माझी निघाली तर कायम होणं विसरायचं, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण मला कळायचं ते कळलं.

छापील पुस्तक कंपनीनं दिलंच नव्हतं. सूचना यंत्रातच बसवलेल्या, एक कळ दाबली की पडद्यावर यायच्या. मी दोन दाबून पाहिलं, तर यादी बिनचूक तारखेनं आली. म्हणजे सूचनाच उलट्या. मग प्रोग्राम सुरू होताना क्षणभर दिसणारी पाटी नीट वाचली. तिसरी आवृत्ती. सूचनांची पानं एकेक सरकवत शेवटापर्यंत गेले. एवढ्या खाली कोण जातं? पार तळाला बारीक अक्षरांत होतं, दुसरी आवृत्ती. डिस्कवरच्या फायलींच्या तारखा काढल्या. प्रोग्रामची यंदाची, सूचनांची दोन वर्षांपूर्वीची. कुठंतरी पाणी मुरतंय, हे माझ्या मनानं तेव्हाच घेतलं.

हे बसवलं होतं हेडक्लार्कनी. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणायचे. खंडेनवमीला कंपनीचा माणूस दोन नव्या फ्लॉप्या देऊन गेला होता, एकीत प्रोग्राम, दुसरीत सूचना. भाऊसाहेब तुळजापूरचे, पुजाऱ्यांच्या घरातले. माझ्याशी कधी वाकडं बोलले नव्हते आणि तेच मला जास्त खुपायचं. एवढं गोड वागायला झालंय काय यांना? दोन्ही फ्लॉप्या तुम्हीच टाकल्या ना, असं मी सहज विचारल्यासारखं विचारलं. ते नुसतं "व्हय" म्हणाले आणि कागदांत डोकं घातलं. माझी खात्रीच पटली.

मी फ्लॉप्यांच्या डब्यावर ज्वारीचा दाणा ठेवून जेवायला जाऊ लागले. तिसऱ्या दिवशी दाणा खाली पडलेला. चौथ्या दिवशी जेवायला गेलेच नाही, दाराच्या फटीतून पाहत राहिले. भाऊसाहेब एक फ्लॉपी काढून कापसानं पुसत होते, यंत्रात घालत होते, बाहेर काढून परत पुसत होते. पुरावा पुसतोय मेला! त्याच दुपारी मी संचालकांना लिहून दिलं की मला अडकवायला भाऊसाहेबांनी जुन्या सूचना मुद्दाम बसवल्या.

दुसऱ्या दिवशी चौकशीआधी त्यांनी मला जिन्यात गाठलं. ती फ्लॉपी त्यांच्या हातात होती. तिच्या उघड्या खाचेत लालसर डाग होता. कुंकवाचा.

"खंडेनवमीला यंत्राची पूजा चालवणाऱ्यानं करायची, ही इथली रीत," ते म्हणाले. "तुमच्यात पूजा करत नाहीत, म्हणून तुम्ही बाहेर उभ्या होता. कुणी विचारलं असतं तर लई चर्चा झाली असती. म्हणून तुमच्या नावानं मीच केली. यंत्राला लावलं तसं हिलाबी हळदकुंकू लावलं. मग ही चालंना, तर सूचना जुन्या फ्लॉपीवरनं घेतल्या. सूचनांत काय बदलतंय, असं वाटलं."

अर्ज मागं घेते म्हणायला तोंड उघडलं, तोवर वरून बोलावणं आलं.

संचालकांसमोर भाऊसाहेब म्हणाले की नवी फ्लॉपी त्यांच्याच हातून खराब झाली, बाईंची यात काही चूक नाही. कशी खराब झाली, हे दोनदा विचारलं तरी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्या दिवशी मी पूजेला का नव्हते, हेही निघालं असतं. मग संचालक माझ्याकडे वळले आणि यांनी मुद्दाम केलं का, असं विचारलं. नाही, एवढंच म्हणायचं होतं. पण नाही म्हटलं तर माझा अर्ज खोटा ठरत होता.

"मला माहीत नाही, साहेब," मी म्हणाले.

भाऊसाहेबांना ऊस तोलायच्या उन्हातल्या काट्यावर पाठवलं. महिन्याभरात मला कायम केल्याचा हुकूम मिळाला. तो घेऊन काट्यावर जावं, त्यांच्या पाया पडावं, असं दिवसभर वाटत राहिलं. गेले नाही. ते मनापासून आनंदानं पेढे मागतील, याची मला भीती वाटली.