मणभर लोखंड, कणभर ताकद

टाकीमास्तरांच्या मते जगात शहाणा माणूस एकच होता, आणि त्याची दाढी ते रोज सकाळी स्वतःच्या हाताने करत. तांब्याच्या खाणीत तीस वर्षं त्यांनी एकच टाकी सांभाळली. तिच्या आंबट, तांबूस पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जिवाणू विरघळलेल्या लोखंडावर जगत, आणि त्यांनी पालटलेलं ते पाणी दगडातलं तांबं सोडवून आणी.

"बिचारे मणभर लोखंड पचवतात तेव्हा कणभर ताकद मिळते," मास्तर म्हणत. "ऑफिसात उलटं. कणभर काम, मणभर तोरा."

नवा मॅनेजर म्हणून त्यांचा जावईच आला, तरी ही तुच्छता तसूभर कमी झाली नाही. जावयाचं शिक्षण यंत्रांचं. आम्लाने पंपाची झालेली चाळण बघून त्याने ठरवलं, चुना टाकून पाण्याचा आंबटपणा मारायचा.

"बाबा, काही बिघडणार नाही ना?" त्याने विचारलंही.

मास्तरांना सगळं ठाऊक होतं. आंबट पाण्यात विरघळलेलं लोखंड नुसत्या हवेने गंजायला फार वेळ घेतं, म्हणून तर जिवाणूंच्या वाट्याला घास येतो. चुना पडला की हवाच तो घास पळवते आणि हे उपाशी मरतात. दोन वाक्यांत सांगून झालं असतं.

"जावईबापू, शिकलेले तुम्ही," मास्तर म्हणाले. "आम्ही काय सांगणार?"

पडू दे एकदा तोंडघशी! त्याच जिवाणूंची बाटली त्यांनी घरी न्हाणीघराच्या फळीवर दहा वर्षं जपली होती. चार दिवस रडवायचं, मग ती काढून टाकीत ओतायची.

चुना पडल्यावर चौथ्या दिवशी टाकीच्या तळाशी गाळ बसला आणि तांबं थांबलं. महिन्याभरात टाकी सुरू करा, नाहीतर घरी जा, असं मालकाने जावयाला बजावलं. मास्तर शीळ घालत घरी आले. फळीवर बाटली होती. लख्ख धुतलेली, आत फिनेल.

"यातलं पाणी कुठंय?"

"ओतलं सकाळी. गंजकट, आंबूस घाण नुसती," बायको म्हणाली. "का हो?"

"टाकीचा जीव होता त्यात, मूर्ख बाई! जावयाची नोकरी होती!"

तिने ओले हात पुसले. "फळीला हात लावला की खेकसायचात. काय आहे ते एकदा तरी सांगितलंत?"

"सांगून तुला कळलं असतं?"

"आत्ता कळलंच की," ती म्हणाली. "आता लेकीलाही तुम्हीच सांगा."