दहा मिलीअँपिअर

माझ्या थोरल्या साडूंइतका पंख्याचा द्वेष करणारा माणूस अख्ख्या लातूर जिल्ह्यात झाला नसेल. तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाल्यावर लोक देवदर्शनाला निघतात. हे पत्र्याच्या डब्यात एक सर्किट घेऊन बसले. पुढे काहीही जोडा, त्यातून बरोबर दहा मिलीअँपिअर करंट वाहिला पाहिजे, एवढाच हट्ट. आतला ट्रान्झिस्टर जरा तापला की करंट सरकतो, वारा लागला तरी सरकतो, म्हणून ऐन मे महिन्यात घरात पंखा बंद. मी नांदेडहून जायचो तो खांद्यावर टॉवेल टाकूनच. एकदा मला शिंक आली तर म्हणाले, "पाव्हणं, शिंकायचं तर अंगणात जावा. मीटर चालू हाय."

मीटरवरून नजर म्हणून काढायची नाही. दर पाच मिनिटांनी आकडा वहीत. जेवायला हाक मारली की "हाव, येऊन राहिलो" म्हणायचे आणि तासाभराने उगवायचे. अक्का, म्हणजे त्यांची बायको आणि माझ्या बायकोची थोरली बहीण, कधी चिडली नाही. "मीच करंट असते तर बघितलं असतं माझ्याकडं," म्हणून हसायची.

सगळं जमलं होतं, पण रोज दुपारी चारला शेवटचे दोन आकडे चढायचे आणि अर्ध्या तासाने उतरायचे. साडूंनी रेझिस्टर बदलले, विजेवर संशय घेऊन बॅटरी लावली, खिडकीवर गोणपाट ठोकलं. तीन वर्षं गेली, चारचा चढ काही हटेना.

गेल्या दिवाळीनंतर अक्का अचानक गेली. महिन्याने मी पुन्हा लातूरला गेलो, तेव्हा साडूंनी वही पुढे सरकवली. मीटर पुन्हा सुरू केल्याला आठ दिवस झाले होते, त्यात चारचा चढ कुठेच नव्हता. मी खुळ्यासारखा म्हणालो, "अहो, जमलं की!"

"कशाचं जमलं? चारला ती चहा आणायची. टेबलावर जागा न्हाई, म्हणून डब्याला खेटून कप ठेवायची. मी मान वर न करता प्यायचो. त्या कपाची ऊब लागून आकडा चढायचा, पाव्हणं. अन् मी तीन वर्षं तीच घालवायला बघून राहिलो होतो."

मला माझ्याच शब्दांची लाज वाटली. त्यांच्याजवळ बसून राहिलो. चार वाजून गेले. आकडा तसूभरही हलला नव्हता, आणि साडू मीटरकडे न बघता स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होते.