माझा ब्लाउज ताईला झाला

आमची ताई जाड होती आणि मी काडी. घरात तिला भोपळा म्हणत आणि मला काडीपैलवान, पण माझं नाव घेताना लोक कौतुकाने हसत, तिचं घेताना नुसतेच हसत. ती मोठी, म्हणून तिचे कपडे आत घेऊन मला मिळायचे. माझं काहीही तिला कधी झालं नाही. नवं कापड नेहमी तिच्याच वाट्याला, म्हणून मी धुसफुसायचे. तिचं दुखणं वेगळं होतं. तिचेच फ्रॉक माझ्या अंगावर जास्त शोभायचे, आणि आई हे तिच्या तोंडावर म्हणायची.

मंडईच्या मागे वडिलांची चुरमुऱ्यांची भट्टी होती. शाळा सुटली की आम्ही दोघी तिथेच. ताई भट्टीत भुसा सारायची, मी भाजलेल्या चुरमुऱ्यांतली वाळू चाळायचे. धुराने डोळे चुरचुरले की वडील म्हणायचे, "होते सवय." डोळ्यांना झालीही. छातीला झाली नाही, हे कळेपर्यंत आमची लग्नं होऊन पोरंबाळं मोठी झाली होती. भट्टी तर कधीच विकली, तिथे मोबाइलचं दुकान आलं.

तोवर ताईचा मुलगा आयटीत लागून अमेरिकेची वारी करून आला होता. हडपसरच्या पुढे एका उंच इमारतीत त्याने फ्लॅट घेतला. लिफ्ट काय, पोहण्याचा तलाव काय, फाटकावर सलाम ठोकणारा वॉचमन काय. मी स्वारगेटजवळ तिसऱ्या मजल्यावर, आणि आमच्या सोसायटीत लिफ्टचा विषय दर वार्षिक सभेत निघून चहाबरोबर संपायचा. धाप दोघींनाही लागायची. ती लिफ्टमध्ये धापा टाकायची आणि मी जिन्यात बसून. खरं सांगते, माझ्या पोटात दुखायला लागलं ते तेव्हापासून.

छातीच्या डॉक्टरांकडे आम्ही एकत्रच गेलो. डॉक्टर तरुण आणि गंभीर होते. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "बिडी, सिगारेट?"

"अहो डॉक्टर, आम्ही चुरमुरे भाजत होतो," ताई म्हणाली. "बिडी ओढायला फुरसत कुठे होती?"

आम्हाला यंत्रात फुंकायला लावलं. दोघींचा श्वास जवळपास सारखाच निघाला. मग वजन झालं, दंडाला टेप लावली, रक्त घेतलं. रिपोर्ट आल्यावर डॉक्टर ताईला म्हणाले, "तुमचं चांगलं आहे." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमची मात्र मला काळजी वाटते."

आम्हा दोघींना शेजारी बसवून ताईला चांगलं म्हणणारा हा पहिलाच माणूस. ताई खुर्चीत सरसावून बसली.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. धुराने फुप्फुसं खराब होण्याच्या या आजारात नुसता श्वास घेण्यातच इतकी ताकद खर्च होते, की बारीक माणसाकडे शिल्लक काही उरत नाही. अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन. खाल्लेलं अंगी लागत नसेल किंवा आत सूज असेल, तर ते उतरतं. सीआरपी ही त्या आतल्या सुजेची खूण, ती चढलेली वाईट. वजन, अल्ब्युमिन, हिमोग्लोबिन आणि सीआरपी एकत्र पाहिलं, की येणारा हिवाळा कोणाला जड जाईल याचा अंदाज बांधता येतो. "अंदाजच हं, भविष्य नव्हे," ते म्हणाले. "आणि दोघींनी लक्षात ठेवा, न ठरवता वजन उतरायला लागलं तर लगेच इकडे यायचं."

"म्हणजे जाड असणं चांगलं?" ताईने विचारलं.

"या आजारात थोडंसं, हो."

त्या दिवशी ताई माझे तीन मजले चढून वर आली. प्रत्येक वळणावर बसत, खोकत, पण आली, आणि ती फक्त माझ्या नवऱ्याला हे सांगायला. "बघा हो, तुमची काडीपैलवान नापास झाली!" चहात साखर जास्त घालून मागितली आणि बिस्किटांचा पुडा संपवून गेली.

माझा नुसता जळफळाट झाला. मरणाची भीती वाटायला हवी होती, तीही वाटली, पण नंतर. दुसऱ्या दिवसापासून मी खायला लागले. दाण्याचे लाडू, उसळी, दूध आणि घरात कधी न शिजलेली अंडी. दम लागल्यामुळे दोन घास खाल्ले की थांबावं लागायचं. मग ताईचा चेहरा आठवायचा आणि तिसरा घास आत जायचा. पुढच्या तपासणीला मी सर्वांत जड रेशमी साडी नेसून, तांब्याभर पाणी पिऊन वजनाच्या काट्यावर उभी राहिले. "काकू, लग्नाला निघालात का?" काट्यापाशी बसणारी मुलगी म्हणाली. वजन वाढलेलं दिसलं, पण अल्ब्युमिन काही साडीला भुललं नाही. ताईला हसून हसून खोकल्याची उबळ आली.

हळूहळू मात्र मी खरंच भरले. दंड गोल झाले, गालांवरचे खड्डे गेले. आणि नेमकी त्याच सुमाराला ताईच्या मुलाच्या लग्नाची गडबड सुरू झाली. "आता मला कुठे वेळ तपासणीला?" म्हणत तिने डॉक्टरांकडे येणंच सोडलं. भेटी व्हायच्या त्या फोनवरच.

लग्न लोणी काळभोरच्या अलीकडे एका लॉनवर होतं. सकाळी खोलीत शिरले तर ताई आरशासमोर उभी, आणि तिचा नवा शिवलेला ब्लाउज खांद्यांवरून खाली ओघळत होता. शिंप्याला माप देऊन फार दिवसही झाले नव्हते. मी माझा एक जरीचा ब्लाउज जास्तीचा आणला होता. ताईने तो माझ्या हातातून ओढूनच घेतला आणि अंगात घातला.

हुक मी लावले. एकामागून एक सगळे लागले. लावताना तिच्या पाठीची हाडं माझ्या बोटांना लागत होती. ताई आरशात पाहत राहिली. तिला मान होती, गालांना हाडं होती, डोळे मोठे होते, हे आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हतं. ती इतकी सुंदर दिसत होती की मला रडू आलं, आणि ते आनंदाचं नव्हतं. मला वाटलं, फ्लॅट तिचा, अमेरिका तिची, चांगले रिपोर्ट तिचे. एक बारीकपणा तेवढा माझा होता, तोही हिने घेतला.

मांडवात दिवसभर तेच. "अहो, तुम्ही वरमाय आहात की वराची बहीण?" तिच्या इमारतीतल्या बायका विचारत होत्या, कोणता डाएट, कोणती पावडर? त्यांच्याकडे सगळ्याच काही ना काही पीत असत, म्हणून कोणाला नवल वाटलं नाही. ताई गूढ हसत होती. मला मात्र दोघीतिघींनी हळूच विचारलं, "तुम्ही जरा सुटलात का हो?"

जेवणाच्या पंगतीत ताईने जिलेबी नुसती मोडून ठेवली. भातही तसाच राहिला. तेव्हा मला डॉक्टरांचं वाक्य आठवलं. मी तिला खोलीत नेलं.

"ताई, तू डाएट वगैरे काही करतेस का?"

"नाही गं. आपोआपच होतंय."

"मग हे बारीक होणं नाही. डॉक्टर काय म्हणाले होते? न ठरवता वजन उतरलं तर लगेच यायचं. उद्या चल."

ताईने माझ्याकडे पाहिलं. वरपासून खालपर्यंत, आई बघायची तसं.

"जळतेस तू," ती म्हणाली.

"जळतेय. तरी चल."

"जन्मभर लोक तुझ्याकडे बघत आले आणि मी तुझ्याकडे. आज एक दिवस मला बघतायत, तर तुला लगेच डॉक्टर आठवला?"

मी जळत होते हे खरं होतं, आणि ती आजारी होती हेही खरं होतं. पण दोन्ही एकाच तोंडून निघाल्यावर पहिलंच ऐकू जातं. ती पदर सारखा करून बाहेर गेली.

नंतर मी फोन करत राहिले. कधी ती पाहुण्यांत, कधी देवदर्शनाला. शेवटी तिची कळ कुठे दाबायची ते मला सापडलं. मी तिच्या सुनेकडे निरोप ठेवला, "ताईला सांग, माझं अल्ब्युमिन तिच्या पुढे गेलंय." दुसऱ्या दिवशी ताई रिक्षा करून डॉक्टरांच्या दारात हजर.

काट्यावर चढण्याआधी तिने बांगड्या काढून माझ्या हातात दिल्या, वजन आणखी थोडं कमी भरावं म्हणून. काटा कुठे थांबला ते पाहून ती माझ्याकडे बघून हसली. रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टर हसले नाहीत. सीआरपी चढली होती आणि अल्ब्युमिन माझं कधी नव्हतं इतकं खाली गेलं होतं. "इतके दिवस का नाही आलात?" त्यांनी विचारलं. त्या कागदावर मी तिच्या पुढे होते, आणि मला तो कागद फाडून टाकावासा वाटला.

तिला दवाखान्यात ठेवलं. सलाइन, औषधं, नळीतून ऑक्सिजन. मी लाडू करून न्यायचे, ती एकाचे चार तुकडे करून एक खायची. मध्ये थोडी सुधारलीही. एके दिवशी तिने उशाखालून एक पिशवी काढली. आत माझा ब्लाउज होता, धुऊन, इस्त्री करून.

"घे तुझा," ती म्हणाली. "आता तोसुद्धा मला ढगळ होतो."

तिच्या आवाजात तोरा होता.

"हो बाई, जिंकलीस," मी म्हणाले. ती हसली, मग खोकली, आणि नर्स आम्हा दोघींवर ओरडली.

तो हिवाळा तिला जड गेला. संक्रांतीच्या आधीच ती गेली.

परवा डॉक्टर माझ्यावर खूश होते. म्हणाले, सगळं असंच ठेवा. घरी येऊन मी तो ब्लाउज घालून पाहिला. बाही दंडातच अडकली. आता तो कोणालाच होत नाही, तरी मी कोणाला देत नाही.

ताईच्या सुनेने हॉलमध्ये लग्नातला फोटो मोठा करून लावलाय. आलेला माणूस थांबून म्हणतो, काय देखण्या होत्या हो! शेजारी मी उभी आहे, मला कोणी विचारत नाही. मी त्या फोटोसमोर बसते, आणि माझ्या पोटात अजून तसंच दुखतं. वाटतं, ताईने एकदा तिथून वरपासून खालपर्यंत बघावं आणि म्हणावं, जळतेस तू. मी लगेच हो म्हणेन.